रक्तातल्या एका आकड्याची उलटतपासणी

‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न २०२० पूर्वी डॉक्टर एकमेकांना विचारत. कोरोनाच्या साथीत तो घराघरांत पोहोचला. जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला ज्यांनी कधी प्रथिन हा शब्द डाळीखेरीज दुसऱ्या संदर्भात वापरला नव्हता, ते लोकही रक्ताचा अहवाल हातात घेऊन ‘बारा आहे’, ‘चाळीस आहे’ असे फोनवर सांगू लागले. साथ ओसरली, पण सवय राहिली. आता तापासाठी, सांधेदुखीसाठी, ‘पूर्ण शरीर तपासणी’च्या सवलतीच्या पॅकेजमध्ये हा आकडा येतो. ‘प्रतिकारशक्तीची तपासणी’ या आकर्षक नावाखालीही तो येतो.

चाचणी वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. वैद्यकातल्या स्वस्त आणि उपयोगी चाचण्यांपैकी ती एक आहे. माझा आक्षेप ती ज्या रीतीने वाचली जाते तिच्यावर आहे. अहवालावर एक आकडा, शेजारी ‘नॉर्मल’ची मर्यादा, आणि आकडा मर्यादेबाहेर असला की ठळक अक्षरे. एवढ्यावरून निर्णय होतात, पैसे खर्च होतात, औषधे सुरू होतात. मोजमाप म्हणजे काय हे मुलांना शिकवण्याचे काम शिक्षकांचे आहे, म्हणून ही उलटतपासणी शिक्षकांपुढे करीत आहे.

हे प्रथिन आहे तरी काय?

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्तजल तपासत होते. (रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते ते रक्तजल.) न्यूमोकॉकस या जंतूपासून वेगळ्या केलेल्या एका पदार्थाला त्यांनी ‘सी’ हे अक्षर दिले होते. आजारी माणसाच्या रक्तजलात तो मिसळला की साका बसे. रोगी बरा झाला की त्याच्या रक्तजलाचा हा गुण नाहीसा होई.

यातली उलटी गोष्ट लक्षात घ्या. प्रतिपिंडे आजाराच्या उत्तरार्धात तयार होतात आणि बरे झाल्यावरही राहतात. हा पदार्थ मात्र आजाराच्या सुरुवातीलाच येत होता आणि बरे होताच जात होता. शिवाय न्यूमोकॉकसशी संबंध नसलेल्या इतर आजारांतही तो सापडला. म्हणजे तो प्रतिपिंड नव्हता, आणि एका विशिष्ट रोगाची खूणही नव्हता. पुढे ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत तो प्रथिन असल्याचे ठरले. १९४४ साली डीएनए हा आनुवंशिकतेचा वाहक असल्याचा पुरावा देणारे एव्हरी ते हेच. ‘सी’शी अभिक्रिया करणारे, म्हणून नाव पडले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, थोडक्यात सीआरपी.

आज आपल्याला याहून बरेच कळले आहे. हे प्रथिन यकृतात तयार होते. एकसारखे पाच घटक एका कड्यात बसून त्याचा रेणू बनतो. कॅल्शियमच्या मदतीने तो जंतूंच्या आणि मोडलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरील फॉस्फोकोलिन या रेणूला चिकटतो. तिथे तो ‘पूरक प्रथिने’ या दुसऱ्या गटाला जागे करतो आणि भक्षक पेशींचे काम सोपे होते. यकृताला हुकूम मिळतो तो मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या निरोप्याकडून. ऊतींना इजा झाली, मग ती जंतूने होवो, शस्त्रक्रियेने होवो की हाड मोडल्याने होवो, हा निरोप निघतो.

प्रतिकारशक्तीच्या ज्या भागात आधी ओळख लागत नाही त्याला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. सीआरपी हा तिचाच एक सेवक. पूरक प्रथिने, मॅनोज साखरेला चिकटणारे ‘एमबीएल’, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली वर्णन केलेले लायसोझाइम हेही त्याच कुटुंबातले. वर्गात आपण लस आणि प्रतिपिंडे यांवर तास घेतो. जंतू शिरल्यापासून पहिल्या काही तासांत किल्ला लढवणाऱ्या या मंडळींचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकतो.

पहिला प्रश्न: कशाने मोजले, कोणत्या एककात?

निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तजलात सीआरपी साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. सगळ्या शरीरातले गोळा केले तरी चिमटीत मावणाऱ्या मिठाहून ते कितीतरी कमी भरेल. इतके थोडे प्रथिन मोजायचे म्हणजे त्याला नेमके पकडणारे प्रतिपिंड हवे.

छोट्या गावांतल्या प्रयोगशाळांची जुनी पद्धत लॅटेक्सची. लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांवर सीआरपीविरोधी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. काचेवर रक्तजलाचा थेंब आणि लॅटेक्सचा थेंब मिसळून काच हलवायची. सीआरपी पुरेसे असेल तर कण एकमेकांना जोडले जातात आणि दुधी द्रवात रवाळ गुठळ्या दिसतात. प्रचलित संचांत लिटरला सुमारे ६ मिलिग्रॅमपासून पुढे गुठळी दिसते. उत्तर येते ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’. अंदाजे प्रमाण हवे असेल तर रक्तजल दुप्पट, चौपट, आठपट असे पातळ करत जायचे. आठपट पातळ केल्यावरही गुठळी दिसली आणि सोळापटीला दिसली नाही, तर ६ गुणिले ८ म्हणजे सुमारे ४८.

या पद्धतीत एक गंमत आहे, आणि धोकाही. सीआरपी फारच जास्त असेल तर गुठळी होत नाही! वर्गात हे सहज दाखवता येते. सहा मुले उभी करा. प्रत्येक मूल म्हणजे लॅटेक्सचा कण, त्याचे दोन हात म्हणजे प्रतिपिंडे. दोरीचे तुकडे म्हणजे सीआरपी. पाच दोऱ्या दिल्या तर एका दोरीची दोन टोके दोन मुलांच्या हाती जातात आणि साखळी होते. पन्नास दोऱ्या दिल्या तर प्रत्येक हाताला आपापली वेगळी दोरी मिळते. साखळी होतच नाही. म्हणजे सर्वांत आजारी रुग्णाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. रक्तजल पातळ करून पुन्हा तपासणे हा त्यावरचा साधा उपाय. तो केला की नाही, हे अहवालावर क्वचितच लिहिलेले असते.

मोठ्या प्रयोगशाळांत यंत्र असते. गुठळ्यांमुळे द्रव किती गढूळ झाला हे ते प्रकाशाच्या साहाय्याने मोजते. इथे आकडा मिळतो, पण एककाचा घोटाळा सुरू होतो. कुणी मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितो, कुणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणून एकाचे १२ ते दुसऱ्याचे १.२. दोन गावांत दोन तपासण्या करून ‘सीआरपी एकदम दहापट उतरला’ असा आनंद मानणारे लोक भेटतात. एककाशिवाय आकड्याला अर्थ नाही हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. त्याचे इतके जिवंत उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुसरा प्रश्न: केव्हा मोजले?

इजा झाल्यावर सुमारे सहा तासांनी रक्तातले सीआरपी वाढू लागते आणि साधारण दोन दिवसांनी शिखर गाठते. गंभीर संसर्गात ते लिटरला काहीशे मिलिग्रॅमपर्यंत जाते. तापाच्या पहिल्या दोन-तीन तासांत घेतलेले रक्त म्हणूनच खोटा दिलासा देऊ शकते.

उतरणीचेही गणित आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की सीआरपीचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे १९ तास असते, आणि माणूस आजारी असो की निरोगी, ते फारसे बदलत नाही. समजा, ९६ मिलिग्रॅमवर असताना यकृताने उत्पादन पूर्ण थांबवले. १९ तासांनी ४८, ३८ तासांनी २४, ५७ तासांनी १२. म्हणजे माणूस बरा होऊ लागला तरी आकडा ‘नॉर्मल’ व्हायला तीन-चार दिवस लागणारच. औषध सुरू केल्याच्या दुसऱ्या सकाळी आकडा मर्यादेच्या वर दिसला म्हणून औषध बदलणे हे गणिताला धरून नाही.

अर्धायुष्य स्थिर असल्यामुळे सीआरपीची पातळी यकृतातल्या उत्पादनाचा वेग बऱ्यापैकी सांगते. सर्वच प्रथिनांना हा नियम लागू नाही. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. शेततळ्यातली पाण्याची पातळी एक दिवस काठीने मोजली, तर त्यावरून किती पाणी आले आणि किती उपसले हे कळेल का? पातळी खाली गेली याचे कारण पाऊस कमी हे असेल, किंवा द्राक्षांना पाणी जास्त दिले हेही असेल. सी३ या पूरक प्रथिनाचे असेच आहे. दाह असताना यकृत ते जास्त बनवते, म्हणून पातळी वाढते. ल्युपससारख्या आजारात ते वापरले जाऊन संपते, म्हणून पातळी घटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतील तर आकडा अगदी ‘नॉर्मल’ दिसेल आणि आत मोठी धामधूम चालू असेल.

तिसरा प्रश्न: जास्त म्हणजे चांगले का?

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्य साथीच्या काळात काढ्यापासून गादीपर्यंत सगळ्यावर छापले गेले. या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे: प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी एकच राशी आहे आणि ती जितकी जास्त तितके बरे. हे गृहीतक वर सांगितलेल्या प्रथिनांच्या पातळीवर तपासून पाहा. सीआरपी हा उपजत प्रतिकाराचा सेवक आहे, पण तो वाढला तर आपण घाबरतो. सी३ कमी झाला तर घाबरतो. म्हणजे एकच मोजपट्टी दोघांना लागू पडत नाही.

एमबीएलची कथा अधिक बोधक आहे. याची रक्तातली पातळी माणसामाणसांत हजारपटीने बदलते, आणि हा फरक मुख्यतः जन्मतः मिळालेल्या जनुकांमुळे असतो. १९८९ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांत हे प्रथिन कमी असल्याचे दाखवले. ‘कमी एमबीएल म्हणजे दुबळी प्रतिकारशक्ती’ असा समज रूढ होऊ लागला. मग २००४ साली डेन्मार्कमध्ये नऊ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जनुकांमुळे एमबीएल अगदी कमी होते त्यांच्यात आजार किंवा मृत्यू जास्त असल्याचा पुरावा मिळाला नाही. लहान मुलांत किंवा अन्य कारणाने प्रतिकार खालावलेल्या रुग्णांत या कमतरतेचे महत्त्व असू शकते. निरोगी प्रौढाला पहारेकरी एक कमी असला तरी बाकीचे सांभाळून घेतात. पॅकेजमधल्या एका प्रथिनाच्या आकड्यावरून कुणाला ‘तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असे सांगणे म्हणूनच विज्ञानाला धरून नाही.

चौथा प्रश्न: ‘नॉर्मल’ कुणाचे?

अहवालावर शेजारी छापलेली मर्यादा कुठून येते? १९८१ साली ब्रिटनमध्ये ४६८ रक्तदात्यांचे रक्तजल तपासले गेले. निम्म्यांत सीआरपी लिटरला ०.८ मिलिग्रॅमपेक्षा कमी, शंभरातल्या नव्वदांत ३ पेक्षा कमी, नव्व्याण्णवांत १० पेक्षा कमी होते. तिथून या आकड्यांचा प्रवास सुरू झाला. २००३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने हृदयविकाराच्या धोक्यासाठी १ आणि ३ या सीमारेषा सुचवल्या. पण त्याच शिफारशीत असेही होते की सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा, आणि १० च्या वर आले तर आधी संसर्ग शोधा व नंतर पुन्हा मोजा. आकडे आपल्याकडे आले. अटी वाटेत गळाल्या.

भारतीय शरीरांचे काय? २००१ साली लंडनमधल्या एका अभ्यासात भारतीय वंशाच्या पुरुषांत सीआरपी युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षा सरासरी १७ टक्के जास्त आढळले, आणि त्याचा संबंध पोटावरच्या चरबीशी दिसला. आपल्या अधिक जवळचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय वस्तीतले मध्यमवयीन पुरुष तपासले. हा अभ्यास २००८ साली छापून आला. खेड्यातल्या पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गीयांत चरबीही जास्त होती आणि रक्तातली दाहाची चिन्हेही. एकाच जिल्ह्यातली, एकच भाषा बोलणारी माणसे. राहणी बदलली तसे रक्तही बदलले.

आता जालना जिल्ह्याचा विचार करा. पोलाद कारखान्यातल्या भट्टीजवळ आठ तास उभा राहणारा कामगार, मंठ्याची ऊसतोडीला जाणारी बाई, चुलीच्या धुरात स्वयंपाक करणारी आजी, तंबाखूने हिरड्या सुजलेला शेतकरी, शहरात दिवसभर गल्ल्यावर बसणारा व्यापारी. या सर्वांना ब्रिटनच्या रक्तदात्यांवरून आलेली एकच रेषा लावायची का? हिरड्यांची सूज, धूम्रपान आणि लठ्ठपणा या प्रत्येकाने सीआरपी थोडे वाढते. यात ‘त्यांच्यासाठी जास्त आकडा नॉर्मल समजा’ असे म्हणणेही घातक ठरेल. कारण नेहमी आढळणारे आणि निरोगी हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यासाठी मोजून पाहायला हवे. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आठही तालुक्यांतल्या निरोगी स्त्री-पुरुषांत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, एकाच पद्धतीने ही प्रथिने मोजणे हे तिथल्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे काम आहे.

मग चाचणी निरुपयोगी का?

मुळीच नाही. प्रश्न नेमका असेल तर हाच आकडा जीव वाचवतो. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत कोरोनाच्या ज्या रुग्णांचा ऑक्सिजन कमी झाला होता आणि शिवाय ज्यांचे सीआरपी ७५ किंवा अधिक होते, अशांपैकी निम्म्यांना इंटरल्यूकिन-६ चा निरोप अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध दिले. २०२१ सालच्या निष्कर्षांनुसार २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. इथे सीआरपी एकटे नव्हते. ऑक्सिजनची अट सोबत होती, आणि पुढे काय करायचे हे आधीच ठरलेले होते.

याउलट त्याच काळात आपल्याकडे काय झाले? सौम्य आजारात घरबसल्या सीआरपी करायचे, आकडा ठळक अक्षरांत आला की स्टिरॉइड सुरू करायचे, असे प्रकार घडले. ‘रिकव्हरी’नेच २०२० साली दाखवले होते की डेक्सामिथॅसोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच होतो. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले की सौम्य लक्षणे असताना अशा रक्तचाचण्या करू नका, त्यांनी घबराट वाढते. स्टिरॉइडचा अनाठायी वापर आणि अनियंत्रित मधुमेह यांच्या जोडीने त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती घरांवर घाला घातला, हे आपण विसरलेलो नाही. आकडा दोन्हीकडे तोच. एकीकडे तो प्रश्नाचे उत्तर होता. दुसरीकडे प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आणखी दोन उदाहरणे देतो. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत खोकला-तापाच्या रुग्णांचे सीआरपी जागेवरच तपासले. प्रतिजैविके घेणाऱ्यांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २०१६ चा. आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांत क्षयरोगाचा संशय घेण्यासाठी सीआरपीची ५ मिलिग्रॅम ही सीमारेषा सुचवली. तिच्या वर आकडा आला तर निदान न करता पुढची तपासणी करायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही असे उपयोग करून पाहता येतील.

वर्गासाठी

शिक्षकांनी डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा नाही, आणि कुणाच्या अहवालावर सल्ला देऊ नये हेही उघड आहे. पण नाव-पत्ता झाकलेला एखादा जुना अहवाल फळ्यावर उतरवून मुलांना पाच प्रश्न विचारता येतील. एकक कोणते? कोणत्या पद्धतीने मोजले? आजार सुरू होऊन किती तास झाले होते? शेजारची मर्यादा कोणत्या लोकांवरून ठरली? आणि आकडा जास्त आला किंवा कमी आला, तर आपण काय वेगळे करणार होतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती चाचणी करण्यापूर्वीच डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: हिची गरज आहे का?

मोजमाप हा विज्ञानाचा पाया आहे असे आपण मुलांना सांगतो. मोजण्यापूर्वी प्रश्न ठरवावा लागतो, हे वाक्य त्याच तासाला पुढे जोडायला हवे. हीच मुले उद्या आईवडिलांचा अहवाल घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसणार आहेत.